कुत्री खानापूरच्या जंगलात सोडण्याबद्दल

एका दादांनी लिहिलंय की बेळगावच्या पालिकेनं भटकी कुत्री गाडीत घालून खानापूरच्या जंगलात नेऊन सोडावीत, त्रास मिटेल. राग कळतो हो, पण तसं करता येत नाही. २०२३ च्या एबीसी (अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल, म्हणजे प्राण्यांच्या नसबंदीच्या) नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्रं जिथनं उचललं तिथंच परत सोडायचं. आता ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन यांना वेगळं काढलंय, तिथनं उचललेलं कुत्रं परत तिथं सोडायचं नाही, शेल्टरमध्ये ठेवायचं. म्हणजे तक्रार देताना जागा नीट लिहा, 'शाळेच्या आवारात' आणि 'गल्लीत' यात लई फरक पडतो.

आमच्या वडगावच्या गल्लीतली तांबडी कुत्री चार-पाच दिवस गायब होती, परत आली तर कानाच्या टोकाला खाच, शेजारच्या काकू म्हणाल्या कुणीतरी मुद्दाम कान कापला बघ, भांडणच काढणार होत्या, मग सांगितलं की ती नसबंदीची खूण आहे. तुमच्या गल्लीत अशी खाच किती कुत्र्यांना आहे ते आधी मोजा आणि पालिकेच्या अर्जात बिनखाचेच्यांचा, म्हणजे नसबंदी राहिलेल्यांचा, आकडा घाला, अर्ज कन्नडमध्ये दिला तर टेबलावरच्या माणसालाही सोपं जातं.