चार दिवसांत ए/बी टेस्टचा निकाल लावणाऱ्यांना

आकडेमोड्या:
परवा इथे सल्ला आला: 'बटणाचा रंग बदला, टेस्ट लावा, डॅशबोर्डवर 95% दिसलं की थांबवा. चार दिवस पुष्कळ झाले.' खाली वाहवांची रांग. म्हणून हा प्रपंच. ए/बी टेस्ट म्हणजे येणाऱ्यांतल्या निम्म्यांना जुनं पान (ए), निम्म्यांना बदललेलं (बी) दाखवून कुठलं जास्त चालतं ते बघणं. शंभरातले 3 जण ऑर्डर देतात आणि ते 3.3 वर गेलेलं पकडायचंय, तर 5% पातळी (फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता; डॅशबोर्डवरचं 95% ते हेच) आणि 80% पॉवरला (खरा फरक सापडण्याची शक्यता) दोन्ही पानांवर मिळून लाखावर माणसं लागतात. रोज 800 जण येणाऱ्या दुकानाला चार महिने! अधूनमधून डोकावून 95% दिसताच थांबलात, तर फसण्याची शक्यता 5% राहत नाही. पाचदा डोकावलं की 14% च्या आसपास, दहादा की 19%. माणसांचा आकडा आधी ठरवा आणि आठवडे पुरे घ्या.

बोरीबंदर:
म्हणजे लहान दुकानदाराने हात जोडून बसायचं? ओबामांच्या 2008 च्या मोहिमेत साइटवर नुसतं बटण आणि फोटो बदलून नाव नोंदवणारे 8.26 वरून 11.6% झाले.

आकडेमोड्या:
तिथे बटण-फोटोच्या 24 जोड्या तपासल्या होत्या, प्रत्येकीला साधारण 13,000 माणसं. तेवढी आणा, मग बोलू.

बोरीबंदर:
स्वतःचंच सूत्र लावून बघा. 8.26 ते 11.6 पकडायला एका बाजूला 1,300 पुरतात. फरक दणदणीत असला की लाख लागत नाहीत. रंगाशी खेळण्यापेक्षा डिलिव्हरी चार्ज, परतीचा नियम, पहिला फोटो बदला.

आकडेमोड्या:
हे मान्य, नाइलाजाने. पण चार दिवस तरीही नाहीत.

पार्सल_परत:
तुमचं पॉवर-बिवर ठीक, पण मोजताय काय? 'ऑर्डर पडली' हे! बी पानावर 'कॅश ऑन डिलिव्हरी' ठळक करा, ऑर्डरी वाढणारच. समजा ए ला 100, त्यातल्या 10 परत. बी ला 115, त्यातल्या 30 परत. बी जिंकलं म्हणून पेढे वाटा, पोचल्या 85 च. ए च्या 90. वर जाण्यायेण्याचं कुरिअर अंगावर. शेवटच्या ऑर्डरचं पार्सल पोचेपर्यंत किंवा परत येईपर्यंत निकाल जाहीर करू नका.

तर्कटराव:
यूपीआय आलं, सीओडी बंद करा. संपला विषय.

पार्सल_परत:
पुण्यात बसून बोलायला काय जातं! तालुक्याच्या गावातला माणूस अनोळखी साइटला आधी पैसे का देईल? 99 रुपये आगाऊ, बाकी दारात, किंवा फोन करून ऑर्डर पक्की करा. त्या फोनचा खर्चही बी च्याच खात्यात टाका.

तर्कटराव:
फोन उचलतं कोण? अनोळखी नंबर दिसला की कट.

पार्सल_परत:
मग आधी व्हॉट्सअ‍ॅप करा. तेही आम्हीच शिकवायचं का?

आकडेमोड्या:
धागा टेस्टचा आहे, कुरिअरचा नाही! एक राहिलंच. 50-50 वाटणी लावून ए ला 10,000 आणि बी ला 9,600 पडले, तर रूपांतराचे (किती जणांनी ऑर्डर दिली त्याचे) आकडे उघडूसुद्धा नका. योगायोगाने एवढी फट हजारात चारदा. बहुतेकदा बी ला रीडायरेक्ट असतो, म्हणजे आधी ए चा पत्ता उघडून मग बी कडे ढकललं जातं. स्वस्त फोनवर पान उघडायला वेळ लागतो, मोजणीचा कोड चालण्याआधीच माणूस पळतो. उरतात ते चिकाटीचे, म्हणून बी चमकतं.

बोरीबंदर:
बरं गुरुजी, चार दिवस मागे घेतले. पण डॅशबोर्डवाले हिरवा टिळा लावतात तो कशाला? त्यांच्यावर काढा धागा.

पार्सल_परत:
आणि त्यात परतीचा रकाना नसतो, तेही लिहा.