फ्लोटवरच्या मॉडेल विमानासाठी इंजिन कोणते घ्यावे?

कोथरूडकर (प्रश्न):
नमस्कार. माझ्याकडे दीड मीटर पंखविस्ताराचे शिकाऊ मॉडेल विमान आहे. मामांनी दिलेले ०.४० क्युबिक इंचाचे, म्हणजे साडेसहा सीसीचे जुने टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (मेथॅनॉलवर चालणारे, तापत्या प्लगचे) त्यावर बसवलेले असून चाकांवरून ते विनातक्रार उडते. आता त्याला फ्लोट, म्हणजे चाकांच्या जागी पाण्यावर तरंगणारे होडीसारखे पाय, बसवायचे आहेत, त्यामुळे २.३ किलोचे वजन तीन किलोच्या घरात जाईल. ०.४६ चे टू-स्ट्रोक, ०.५२ चे फोर-स्ट्रोक की सरळ बॅटरीवरची ब्रशलेस मोटर, असा पेच आहे. हवेत जे इंजिन पुरते ते पाण्यावर का पुरू नये, हेही मला नीट उमगलेले नाही. मुळशीच्या बाजूला ओळखीच्यांच्या जमिनीत एक तलाव आहे, पण खरे सांगायचे तर मन खडकवासल्याकडे ओढ घेते.

जुना ग्लोवाला:
आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. चाकांचा विरोध वेग वाढला तरी फारसा वाढत नाही. फ्लोटचा मात्र सुरुवातीला झपाट्याने वाढतो आणि विमान पाणी कापण्याऐवजी पाण्यावर घसरू लागण्याच्या जरा आधी शिगेला पोहोचतो. तो उंबरठा ओलांडला की विमान फ्लोटच्या तळाच्या पायरीवर येते आणि मग अर्ध्या थ्रॉटललाही पळते. म्हणजे इंजिन निवडायचे ते त्या तीन-चार सेकंदांसाठी. तिथे वेग कमी असल्याने मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा (एका फेरीत कमी अंतर कापणारा) प्रॉप, म्हणजे पंखा, लागतो. टू-स्ट्रोकची जाहिरातीतली अश्वशक्ती मिनिटाला १६,००० फेऱ्यांच्या आसपासची असते आणि पाण्यावर त्या फेऱ्या मिळत नाहीत.

त्यात आपले पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. मे महिन्यात पारा ३८ अंशांवर असताना इथली हवा प्रमाणित हवेपेक्षा १३ टक्के विरळ असते, तेव्हा इंजिन आणि प्रॉप दोघेही ढेपाळतात. म्हणून ग्लोच घ्यायचे असेल तर ०.५२ चे फोर-स्ट्रोक घ्या. ते मोठा प्रॉप संथपणे फिरवते आणि मंद गतीलाही बंद पडत नाही.

बंद पडण्याचे दुःख मी भोगले आहे. एकदा तलावाच्या मधोमध इंजिन विझले, वारा पलीकडे वाहणारा, आणि मी मासेमारीच्या गळाला टेनिसचा चेंडू बांधून दीड तास फेकत बसलो होतो. दुसऱ्या खेपेस विमान उलटले आणि तापलेल्या इंजिनाने पाणी ओढले. प्लग काढून, उलटे धरून मी ते रिकामे केले, पण त्याच दिवशी पुन्हा चालवून तेल सोडायचा कंटाळा केला. आठवड्याने शाफ्ट फिरवला तर बेअरिंगमधून जात्यासारखी घरघर ऐकू आली. आपल्या मामांच्या इंजिनात बॉल बेअरिंगऐवजी साधे बुश, म्हणजे धातूची गुळगुळीत नळी, असेल, तर या बाबतीत ते नव्यापेक्षा सोशिक ठरेल.

सोल्डरवाला:
ग्लोवाल्यांनी जी दुःखे सांगितली, नेमक्या त्यांच्यासाठीच मी मोटर सुचवतो. पाण्यावर ब्रेक नसतात. ग्लो इंजिन मंद चालले तरी विमान काठाकडे सरकतच राहते, तर मोटर हवी तेव्हा थांबते आणि हवी तेव्हा सुरू होते. हवा विरळ झाल्याने मोटरची शक्ती घटत नाही. फटका बसतो तो फक्त प्रॉपला.

हिशेब असा. फ्लोटसाठी मी किलोमागे ३३० वॅट धरतो, म्हणजे आपल्याला साधारण १,००० वॅट. सहा सेलच्या लिपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर), २२.२ व्होल्टला, तो ४५ अँपिअर होतो. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटपट्टी, ७० अँपिअरची घ्या, मोटर ५०० केव्हीच्या आसपासची (केव्ही म्हणजे इथे किलोव्होल्ट नव्हे, तर दर व्होल्टमागे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) आणि प्रॉप १४ × ७, म्हणजे इंचांत व्यास आणि पिच. बॅटरी ४,००० एमएएचची असेल तर सरासरी अर्ध्या शक्तीवर आठेक मिनिटे मिळतात, त्याहून अधिकचा मोह धरू नका. ईएससीच्या पट्टीवर सिलिकॉन कोटिंगचे दोन हात द्या आणि रिमोटचे संदेश घेणारा रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधा. हा घरगुती उपाय हास्यास्पद दिसतो, पण माझा रिसीव्हर दोनदा बुडूनही चालू आहे.

सिंहगड रस्ता:
खडकवासल्याचा विचार सोडून द्यावा, ही विनंती. एक तर काठावर एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-हवाई क्षेत्राच्या नकाशावर तिथला विभाग पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये. दुसरे म्हणजे ते पाणी पुणेकर पितात. ग्लो इंजिन मेथॅनॉलसोबतचे तेल न जाळता एक्झॉस्टमधून बाहेर टाकते आणि फ्लोटमागे त्याचा इंद्रधनुषी तवंग उठतो, हे मी मागे एका तलावावर पाहिले आहे. खाजगी तलावातही गुरे पाणी पीत असतील, तर माझे मत मोटरच्या बाजूने.

कोथरूडकर:
सर्वांचे आभार. मोटर घेण्याचे ठरले. मात्र मोजमाप घेतले तेव्हा एक अडचण निघाली. शाफ्टच्या मध्यापासून फ्लोटच्या पाणरेषेपर्यंत २० सेंटीमीटरच अंतर मिळते आणि १४ इंची प्रॉपची त्रिज्या १७.८ आहे. स्ट्रट, म्हणजे फ्लोटला विमानाशी जोडणारे दांडे, उंच करू का?

सोल्डरवाला:
घाईने करू नका. सव्वादोन सेंटीमीटर खरोखरच अपुरे आहे. उडणाऱ्या तुषारांनी प्रॉपची टोके कुरतडली जातात, लाकडी असेल तर लवकरच. पण स्ट्रट उंच केले की ओढीची रेषा पाण्यापासून वर जाते आणि पूर्ण थ्रॉटल देताच फ्लोटची नाके पाण्यात दाबली जातात. त्यापेक्षा १२ × ८ चा तीन पात्यांचा प्रॉप लावा, टोकाखाली पावणेपाच सेंटीमीटर मोकळे राहतील. कार्यक्षमता थोडी घटेल, ती सोसावी. प्रॉप बदलल्यावर वॉटमीटर लावून अँपिअर पुन्हा मोजा, आणि बॅटरी पुढेमागे सरकवून फ्लोटची पायरी गुरुत्वमध्याच्या किंचित मागे येते ना, हे पाण्यात उतरण्यापूर्वी पाहून घ्या.