शूबॉक्स या कोश-प्रोग्रॅमच्या जुन्या फायली आणि आयपीए (उच्चार लिहायच्या चिन्हांचा) फॉन्ट : काय वापरू, कुठून उतरवू?

मेळघाट_नोंदी : मंडळी, सल्ला हवाय. आमच्या सरांनी नव्वदच्या दशकात मेळघाटात कोरकू भाषेचं काम केलं होतं, त्याच्या डबाभर फ्लॉप्या आता माझ्याकडे आल्यात. काही फायली नोटपॅडमधे उघडतात, त्यात प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बॅकस्लॅश आणि दोन अक्षरं, एलएक्स, पीएस, जीई असं. इंग्रजी अर्थ नीट वाचता येतात पण कोरकू शब्दात मधेच कॅपिटल अक्षरं आहेत आणि मराठी अर्थाच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं. शिवाय क्रमांक दिलेल्या काही फायली आहेत, पहिल्या फाईलची पहिली ओळ 'बिगिन ६४४' आणि पुढची जवळजवळ प्रत्येक ओळ कॅपिटल एमने सुरू होते. एक झिप आहे ती उघडतच नाही. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? फुकट असेल तर बरं.

जुनी_डिस्क : आधी फ्लॉप्यांचं बघा. यूएसबीवाला फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन मिळतो, साडेतीन इंचीसाठी चालतो. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं ठेवा म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. तबकडीवर बुरशीचे डाग दिसले तर ती ड्राइव्हमधे घालूच नका, हेड खराब होईल आणि पुढच्या सगळ्या फ्लॉप्यांना लागेल. चांगल्या असतील त्यांची अख्खी इमेज (फ्लॉपीची हुबेहूब प्रत, एका फाईलमधे) काढा आणि सगळं काम कॉपीवरच करा.

पाणिनी_पेठ : ते 'बिगिन ६४४' बघून मला तो काळ डोळ्यासमोर उभा राहिला. १९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलचं इंटरनेट सर्वसामान्यांना मिळायला लागलं, त्याआधी अर्नेट हे शिक्षण-संशोधनाचं जाळं, तेही फक्त संस्थांमधे, आणि बऱ्याच जणांकडे तर नुसती ईमेल होती, थेट एफटीपी (सर्व्हरवरून फायली उतरवायची सोय) नाहीच. मग अमेरिकेतल्या डेक कंपनीची एफटीपीमेल सेवा होती, तिला मेलमधे आज्ञा लिहून पाठवायची की अमुक सर्व्हरवरची अमुक फाईल हवी, ती फाईल तुकडे करून मजकुराच्या रूपात मेलने यायची कारण मेलमधून साधा मजकूरच धड जायचा. ते तुकडे क्रमाने जोडायचे, वरची मेलची हेडरं कापायची, यूयूडिकोड हा प्रोग्रॅम चालवायचा की त्या मजकुरातून मूळ फाईल मिळते. तुमच्या त्या फायली म्हणजे असेच तुकडे. लिनक्सवर शारयुटिल्स नावाचं पॅकेज टाका, त्यात यूयूडिकोड आहे. एक तुकडा जरी गायब असला तरी पुढचं सगळं बिघडतं, म्हणून आधी क्रमांक तपासा.

पाणिनी_पेठ : आणि झिपचं. ज्यांच्याकडे एफटीपी होतं ते नावाच्या जागी अनॉनिमस आणि पासवर्डला आपला ईमेल पत्ता टाकून आत जायचे. पण उतरवण्याआधी 'बायनरी' अशी आज्ञा द्यायला विसरलं की फाईल आस्की, म्हणजे साध्या मजकुराच्या, मोडमधे यायची, युनिक्स सर्व्हरवरून डॉसवर येताना ओळ संपल्याचं चिन्ह बदलायचं आणि झिप खलास. तुमचीही तशीच गेली असावी. त्यात बहुतेक प्रोग्रॅमच असेल, त्याच्यामागे वेळ घालवू नका, त्याची जागा घेणारा नवा प्रोग्रॅम आहे.

सातपुडा_ध्वनी : हो, तो म्हणजे टूलबॉक्स. एसआयएल या भाषांवर काम करणाऱ्या संस्थेचं शूबॉक्स होतं, तुमच्या बॅकस्लॅशवाल्या फायली त्यातल्याच दिसतायत, त्याचाच हा पुढचा अवतार, फुकट आहे, त्यांच्या साइटवरून उतरवा, जुन्या फायली उघडतो. पुढे कोश छापायचा असेल तर फील्डवर्क्स घ्या, तेही त्यांचंच आणि फुकट, त्यात ही मार्करवाली (बॅकस्लॅशच्या खुणांची) फाईल आयात होते. पण थांबा, आधी मजकूर युनिकोडमधे, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या कोडिंगमधे, करा!

मेळघाट_नोंदी : सगळी फाईल एकदम कन्व्हर्टरमधे टाकली तर?

सातपुडा_ध्वनी : तसं अजिबात करू नका, नीट वाचा. त्या कॅपिटल अक्षरांवरून एसआयएलचा आयपीए ९३ फॉन्ट दिसतोय, युनिकोड न वापरणारा. त्यात कॅपिटल एन टाइप केलं की पडद्यावर ङ चं आयपीए चिन्ह दिसायचं, कॅपिटल एसला श चं. म्हणजे फाईलमधे एनच आहे, चिन्ह फॉन्टमधे आहे. आता अख्ख्या फाईलवर कन्व्हर्टर चालवला तर इंग्रजी अर्थातले कॅपिटल एन आणि एससुद्धा बदलतील आणि जो भाग आज धड आहे तोच जाईल. म्हणून मार्करनुसार करायचं : एलएक्स म्हणजे मूळ शब्द, त्याला आयपीए ९३ चं मॅपिंग (कुठल्या अक्षराचं कुठलं चिन्ह याचा तक्ता). जीई म्हणजे इंग्रजी अर्थ, त्याला हात लावायचा नाही. जीएन म्हणजे बहुतेक तुमचा मराठी अर्थ, त्याचं वेगळं. एसआयएलच्या टेककिट या कोडिंग बदलायच्या संचामधे एसएफकॉन्व्ह म्हणून टूल आहे ते मार्कर बघूनच बदलतं, आणि आयपीए ९३ चं तयार मॅपिंगही त्यांच्याकडेच मिळतं.

जुनी_डिस्क : मराठीचं मी सांगतो. डॉसवर टाइप केलं असेल तर पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड (संगणकावर भारतीय लिप्या आणणारं) असण्याची शक्यता आहे, म्हणजे इस्की, भारतीय लिप्यांचं जुनं कोडिंग. इस्की ते युनिकोड सरळ होतं. विंडोजवर श्रीलिपी नाहीतर शिवाजी फॉन्टमधे केलं असेल तर त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागेल. सरांना विचारा ना, त्यांना फॉन्टचं नाव नक्की आठवत असेल, तेवढ्याने निम्मं काम वाचेल.

मेळघाट_नोंदी : विचारते, फोनवर असतात ते. कॅसेटपण आहेत, त्यांचं?

सातपुडा_ध्वनी : एमपीथ्री करू नका, वेव्हमधेच घ्या. मग ध्वनी मोजायला प्रात, ॲमस्टरडॅमच्या बूर्स्मा आणि वेनिंक यांचं, आणि मजकूर आवाजाला जोडायला एलान. दोन्ही फुकट.

रानवारा : एक विनंती करते. कॅसेटमधे माणसांची नावं, घरच्या गोष्टी असतील. काही अपलोड करायच्या आधी त्या गावात जाऊन ऐकवा, सांगणारे किंवा त्यांची मुलं भेटतील, त्यांना विचारा आणि एक प्रत तिथल्या शाळेत ठेवा. कोरकू मुलांना आपल्या आजोबांचा आवाज आपल्याआधी मिळायला हवा.

मेळघाट_नोंदी : हे पटलं ताई, तसंच करू. आधी इमेजा काढते, मग जीएनमधल्या दहाएक ओळी इथे टाकते, जुनी_डिस्क तुम्ही बघून सांगा इस्की आहे की आणखी काही.

जुनी_डिस्क : टाका, पण कॉपी पेस्ट करू नका, मूळ फाईलच जोडा. पेस्ट करताना बाइट बदलतात, मग काही ओळखू येत नाही.