एलएलबीनंतर ट्रान्झिशनल जस्टिस शिकायचंय, वाट कशी?

खानापूरची_लेक: बेळगावात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हुकूमशाही नाहीतर यादवी संपल्यावर देश जुन्या अत्याचारांचा हिशोब कसा करतो, हेच ट्रान्झिशनल जस्टिस, मला त्यातच रिसर्च करायचाय. घरचे म्हणतात सनद घे आणि कोर्टात उभी राहा. प्लीज सांगा.

निपाणीकर: ताई, रुटी टायटेल यांचं काम आधी बघा. न्यूयॉर्क लॉ स्कूलच्या प्राध्यापिका, हा विषय म्हणून उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा, 2000 साली ऑक्सफर्डनं पुस्तक छापलं. त्यांचा प्रश्नच भारी हाय, राजवट बदलताना कायदा जुन्या काळाशीही बांधलेला असतो आणि नवा काळही घडवत असतो, मग न्याय कशाला म्हणायचं? एकेक देश धरून वाचा की. अर्जेंटिनानं 1985 मध्ये लष्करशहांवर थेट खटला चालवला, दक्षिण आफ्रिकेत मात्र आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या सत्यशोधन आयोगापुढं वर्णभेदाच्या काळातला राजकीय गुन्हा पूर्ण कबूल केला तर माफी मिळू शकायची, आणि मारलेल्यांच्या घरच्यांनी समोर बसून ते ऐकायचं. मला ते अजून पटत नाही, पण नाहीतर खरं बाहेर आलं असतं का, हेही आहेच.

सीमाभाग_वकील: सनद घेच बाळ, साक्षीपुरावा हाताळलेला पुढं कामाला येतो. मग एलएलएम इंटरनॅशनल लॉमध्ये, नेट, पीएचडी. जवळचं उदाहरण नेपाळ, तिथं माओवादी यादवीतल्या अत्याचारांच्या चौकशीला 2015 मध्ये आयोग नेमले तरी पीडितांची घरं अजून न्याय मागतायत. त्यावर लिही, आपल्याकडून नेपाळ गाठणं सोपं.

खानापूरची_लेक: नेपाळचं डोक्यातच नव्हतं काका, आजच वाचायला घेते.