मालिकेचं शीर्षकगीत: चालीचा हिशेब, स्टेम्स आणि करार

पेठेतला_सूर
नमस्कार मंडळी. पुण्यात फिरोदिया करंडक आणि प्रायोगिक नाटकांचं संगीत करणाऱ्या आम्हा दोघांकडे (एक गीतकार, एक संगीतकार) मराठी मालिकेचं शीर्षकगीत आलं आहे. निर्मात्याला ६० सेकंदांचं गाणं, ३० सेकंदांची छोटी आवृत्ती आणि पार्श्वसंगीतासाठी थीम हवी आहे. मुखड्याची चाल पसंत पडली आहे, शब्द आता त्यावर लिहायचे आहेत. नाटकात वेळेचं बंधन इतकं काटेकोर नसतं, त्यामुळे मोजमाप कसं करायचं? मुंबईला नेमक्या कुठल्या फाइल्स पाठवायच्या? आणि करारात ‘सर्व हक्क निर्मात्याकडे’ असं वाक्य आहे, त्याचा अर्थ काय होतो?

मात्रागणित
चाल पसंत पडली असली तरी लय अजून बदलता येते, म्हणून आधी तिथे बघा. मिनिटाला ९६ ठोके धरले तर चार मात्रांचं एक आवर्तन २.५ सेकंदांचं होतं. ६० सेकंदांत २४ आणि ३० सेकंदांत १२ आवर्तनं बसतात. दोन्ही आकडे चारने भागले जातात, त्यामुळे चार-चार आवर्तनांच्या ओळी सुबक बसतात. लय १०० केली की २५ आवर्तनं होतात आणि शेवटी एक लोंबकळत राहतं. दादऱ्याच्या अंगाची चाल असेल तर १२० ठोके घ्या: सहा मात्रांचे ३ सेकंद, म्हणजे २० आवर्तनं.

पण २४ च्या २४ भरू नका. गाणं २३ व्या आवर्तनात संपवा. शेवटचं आवर्तन सुराच्या शेपटीला लागतं. ते ठेवलं नाही तर पहिल्या दृश्यावर जाताना संकलक ती शेपटी कापतो आणि शेवटचा शब्द तुटल्यासारखा वाटतो. ३० सेकंदांची आवृत्ती मोठ्या गाण्यातून कापून काढायची नसते, ती स्वतंत्र बांधायची असते. मालिकेचं नाव दोन्हींत पहिल्या १२ सेकंदांत एकदा आणि शेवटी एकदा आलं पाहिजे.

आता शब्द. चालीवर डमी बोल ‘ल’ आणि ‘ला’ एवढ्याच अक्षरांत लिहून काढा: ल म्हणजे लघु (ऱ्हस्व, एक मात्रा), ला म्हणजे गुरू (दीर्घ, दोन मात्रा). मराठीतल्या जोडाक्षरांनी इथे घोळ होतो. ‘उद्या’मध्ये जोडाक्षराचा जोर आधीच्या अक्षरावर येतो, या आघातामुळे ‘उ’ गुरू होतो, पण ‘तुझ्या’मध्ये आघात नाही, तिथे ‘तु’ लघुच राहतो. जिथे ‘उद्या’ बसतं तिथे ‘तुझ्या’ घातलं की गायिका ‘तुज्‌झ्या’ म्हणते, आणि मग तालमीत कुणालाच कळत नाही की ओळ नेमकी कुठे खटकते आहे.

ओळीच्या शेवटी लांब स्वर असेल तर अकारान्त शब्द टाळा. ‘अंगण’च्या ‘ण’वर स्वर ओढला की कानाला ‘अंगणा’ ऐकू येतं. ‘अंगणी’ घ्या, ईकारावर आवाज सुंदर टिकतो. अशोक पत्कींनी जिंगल्स आणि शीर्षकगीतं दोन्ही भरपूर केली आहेत. कमी सेकंदांत पूर्ण मुखडा कसा मांडतात हे शिकायचं असेल तर त्यांचं काम घड्याळ समोर ठेवून ऐका.

खर्जातला_माणूस
फाइल्सबद्दल. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला प्रकल्प पहिल्या दिवसापासून ४८ किलोहर्ट्‌झ सँपल रेट, २४ बिटवर उघडा. ४४.१ किलोहर्ट्‌झवर केलेली फाइल रूपांतर न करता ४८ च्या टाइमलाइनवर ४८ म्हणून वाजली, तर ती सुमारे ९ टक्के जलद धावते. ६० सेकंदांचं गाणं ५५ सेकंदांत संपतं, आणि काळी चार पट्टीतलं गाणं पांढरी सहा आणि काळी पाचच्या मधे कुठेतरी जाऊन बसतं. आवाज ‘पातळ’ वाटतो अशी तक्रार आली तर मिक्सला हात लावण्याआधी हे तपासा.

स्टेम्स (म्हणजे मिक्समधल्या एकेका गटाची वेगळी फाइल): मुख्य आवाज, कोरस, ताल, बास, बासरी-सतारीसारखी सुरेल वाद्यं, स्ट्रिंग्ज-पॅड, आणि रिव्हर्ब (घुमारा) वेगळा. सगळ्या फाइल्स शून्यापासून सुरू आणि एकाच लांबीच्या हव्यात, एखादं वाद्य चाळिसाव्या सेकंदाला येत असलं तरीसुद्धा. मास्टरवर लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) ठेवून स्टेम्स काढू नका. प्रत्येक स्टेमवर तो वेगळा दाबतो, मग बेरीज मूळ मिक्ससारखी लागत नाही. लाउडनेसचा आकडा वाहिनीच्या तांत्रिक पत्रकातून लेखी मागवा. ईबीयू आर१२८ या युरोपीय प्रसारण मानकात तो उणे २३ एलयूएफएस (आवाजाच्या सरासरी जोराचं एकक) आहे. यूट्यूबच्या सवयीने ठासून भरलेलं मिक्स प्रसारणाला खाली ओढलं जातं आणि मग नुसतं चपटं वाटतं.

पार्श्वसंगीताच्या थीमला जास्त वेळ द्या, कारण प्रत्येक भागात खरी तीच वापरली जाते. आनंदी, करुण, ताणाची, आणि ३ ते ५ सेकंदांचे तुकडे. करुण म्हणजे नुसता कोमल गंधार लावणं नव्हे: लय ६० च्या आसपास आणा, पण मुखड्याचे पहिले चार स्वर ओळखू येऊ द्या. संवादाखाली मध्य सप्तकात सतत बासरी ठेवू नका. ती बोलण्याशी भांडते आणि संकलक कंटाळून संगीतच खाली करतो.

कागदपत्र_आधी
करारावर घाईने सही नको. स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा, त्यात २०१२ साली झालेली दुरुस्ती तुमच्या बाजूची आहे. हक्क निर्मात्याला दिले तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देता येत नाही. तो फक्त कायदेशीर वारसांकडे किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेकडेच जाऊ शकतो. त्याविरुद्ध लिहिलेलं कलम टिकत नाही. तरीही ते खोडून घ्या, पुढचा वाद वाचतो.

हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच निर्माते ‘कायमस्वरूपी, जगभर’ लिहितात. तिथे बोलणी करा.

दोघांनीही वेगवेगळं आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वसूल करणाऱ्या कॉपीराइट संस्थेचं) सभासद व्हा आणि गाण्याची नोंद प्रसारणाआधी करा. वाहिनीच्या क्यू शीटमध्ये (कुठलं संगीत किती वेळ वाजलं याच्या यादीत) गाणं, थीम, सेकंद आणि तुमची नावं सभासदत्वातल्या स्पेलिंगनेच गेली पाहिजेत. एका ठिकाणी पूर्ण नाव आणि दुसरीकडे आद्याक्षरं असली की पैसे जुळवणीत अडकतात. थीमची नोंद हमखास राहून जाते, ती वेगळी करा. बिलावर टीडीएस १० टक्के कापला जाईल. जीएसटीचं सीएला विचाराच, कारण निर्मात्याला हक्क दिल्यावरचा कर बहुधा निर्मात्यानेच भरायचा असतो.

पेठेतला_सूर
मनापासून आभार. सगळा खर्च धरून एकच रक्कम सांगितली आहे. गायिका, तबला-ढोलकी, बासरी, स्टुडिओ सगळं त्यातच. क्रम कसा ठेवू?

मात्रागणित
मग आपलं मानधन आणि निर्मितीखर्च कागदावर वेगळे मांडा आणि दोनच दुरुस्त्या त्या रकमेत धरा. तिसरीचे पैसे वेगळे.

क्रम: आधी गायिकेबरोबर नुसत्या पेटीवर पट्टी ठरवा, मग वादक बोलवा. उलट केलंत आणि बासरी, तबला रेकॉर्ड झाल्यावर पट्टी दोन स्वर हलवावी लागली, तर संगणकावर सरकवलेली बासरी खोटी वाटते आणि तबल्याची चाट (काठावरचा टणक बोल) बदलते. शब्द मंजूर झाल्याचा मेल आल्याशिवाय गायिकेची तारीख घेऊ नका. आणि मालिकेचं नाव असलेली ओळ स्वतंत्र ट्रॅकवर, मागेपुढे श्वास मोकळा ठेवून गाऊन घ्या. प्रोमोच्या आधी नाव बदललं तर तेवढीच ओळ नव्याने गाता येते.