मदत हवी आहे: रॅम्प दिला की निम्मे अणू गायब

गारढग: तीन आठवडे इथेच अडकलोय. अतिथंड अणूंच्या ढगावरचं चुंबकीय क्षेत्र हळूहळू खाली आणलं (म्हणजे रॅम्प दिला) की फोटोत निम्मे अणू दिसत नाहीत. कॉइलचा करंट गुळगुळीत आहे, तोही तपासला. काय चुकतंय? लवकर सांगा, प्लीज.

लेझरवाली: कोणते अणू? क्षेत्र किती गॉसवरून (गॉस म्हणजे क्षेत्राचं एकक) कितीवर, किती वेळात?

गारढग: सॉरी. पोटॅशियम-40, सगळ्यात खालच्या दोन स्पिन अवस्था, ऑप्टिकल ट्रॅप (लेझरच्या प्रकाशात धरलेले). 206 वरून 200 गॉस.

पंपदादा: व्हॅक्यूम बघा. आमचं नेहमी तेच निघतं.

गारढग: रॅम्प नसला तर ढग छान टिकतो. व्हॅक्यूम नाही.

कॉइलकर: करंट गुळगुळीत म्हणून क्षेत्रही गुळगुळीत असं नसतं. धातूच्या चेंबरमध्ये बदलत्या क्षेत्रामुळे एडी करंट (भोवऱ्यासारखे प्रवाह) फिरतात, अणूंपर्यंत बदल उशिरा पोचतो. आरएफ (रेडिओ लहरी) देऊन अणूंकडूनच क्षेत्र मोजा.

लिथियमभक्त: लिथियम-6 घ्या. त्याचा 832 गॉसचा रेझोनन्स (जिथे अणूंचा एकमेकांवरचा परिणाम एकदम वाढतो ते क्षेत्र) 300 गॉसच्या आसपास रुंद आहे, तुमचा 202 चा जेमतेम 8.

कॉइलकर: चालू प्रयोगात अणूच बदला? आणि 832 गॉसला कॉइल किती तापते ते कोण बघणार?

लिथियमभक्त: पाणी फिरवायचं. आम्ही फिरवतो.

सोडियम२३: तीन अणूंची टक्कर असेल. 1998 साली एमआयटीत केटर्लेंच्या गटाने सोडियममध्ये 907 गॉसला रेझोनन्स पकडला, तेव्हाही अणू भराभर गेले.

लेझरवाली: सोडियमचे अणू बोसॉन, ते सारखे असले तरी जवळ येतात. पोटॅशियम-40 फर्मिऑन: इथे दोनच स्पिन, तिघांत दोघे सारखे, आणि सारख्या फर्मिऑनना पाउलीचा नियम जवळ येऊ देत नाही. गारढग, वेळ अजून सांगितला नाहीत. फोटो कुठल्या क्षेत्रावर?

गारढग: 2 मिलिसेकंद. क्षेत्र बंद करून, शून्याजवळ.

लेझरवाली: मग अणू गेलेच नसावेत! 202 वरून एवढ्या सावकाश खाली आलात की अणूंच्या जोड्या जुळून रेणू होतात. शून्याजवळ ते घट्ट बांधलेले असतात, अणूंसाठी लावलेल्या लेझरला दिसत नाहीत. अमेरिकेतल्या जिला या संशोधन संस्थेत डेबोरा जिन यांच्या गटाने 2003 साली पोटॅशियम-40 मध्येच हे दाखवलं. 200 ला पोचताच उलट 206 वर न्या, क्षेत्र झटक्यात तोडा, मग फोटो.

गारढग: केलं. बरेच परत आले!! सगळे नाहीत.

लेझरवाली: 200 वर रेंगाळू नका, रेणू एकमेकांवर आदळून खरोखर जातात. 201.5 वरूनच परतून बघा.

कॉइलकर: आधी आरएफने मोजा. तुमचं 201.5 खरंच 201.5 आहे का?

गारढग: आज रात्री मोजतो.