लॅपटॉपवर बरोबर, बोर्डवर मात्र गडबड

फोटोत माणूस आहे का ते ओळखणारं एआय मॉडेल लॅपटॉपवर नीट चालतं आणि ईएसपी३२-कॅमवर (कॅमेरा असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) टाकलं की रिकाम्या खोलीतही ‘माणूस’ म्हणतं, असं एकाने विचारलंय. मॉडेल बदलायच्या आधी इनपुट, म्हणजे मॉडेलला दिलं जाणारं चित्र, तपासा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

कॅमेऱ्याकडून येणारा पिक्सेल ० ते २५५ असतो, तर ८-बिट क्वांटाइझ केलेल्या (आकडे ८-बिट पूर्णांकांत बसवून लहान केलेल्या) मॉडेलला सहसा -१२८ ते १२७ लागतं. कॅमेऱ्याचा बफर (मेमरीतलं कच्चं चित्र) तसाच कॉपी केला तर तेच बिट चिन्हासह वाचले जातात, त्यामुळे २०० चा पिक्सेल -५६ होतो आणि १०० चा १०० च राहतो. म्हणजे उजेडाची जागा अंधारापेक्षा काळी! प्रत्येक पिक्सेलमधून १२८ वजा करा. स्केल आणि झीरो-पॉइंट (खरी किंमत ८-बिट आकड्यात बदलायची दोन मापं) मात्र मॉडेलच्या इनपुट टेन्सरमधूनच (इनपुटचे आकडे ठेवायची रचना) वाचून खात्री करा, अंदाजाने नको.

फ्रेम थेट ९६×९६ ग्रेस्केलमध्ये घ्या, जेमतेम ९ केबी लागते. जेपीईजी घेऊन डीकोड करत बसण्यात अर्थ नाही.

क्वांटायझेशन करताना आकड्यांची रेंज ठरवायला लागणारे नमुना फोटो इंटरनेटवरचे नकोत. बोर्डवरच्या त्याच ओव्ही२६४० कॅमेऱ्याने, त्याच उजेडात काढलेले शे-दोनशे पुरतात. त्यात रात्रीचे नसतील तर रात्री निकाल घसरणारच.

टेन्सर अरीना (मॉडेल चालताना लागणारी मेमरीची जागा) पीएसरॅममध्ये, म्हणजे चिपबाहेरच्या जादा रॅममध्ये, टाकला तर चालतं, पण वेग पडतो. मावत असेल तर आतल्या रॅममध्येच ठेवा.

आणि बोर्ड मधेच रीसेट होत असेल तर कोडला दोष देऊ नका, आधी यूएसबी केबल बदला. वायफाय सुरू होताना करंट उसळतो, ५ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॅप्टर लावा.

वेग हवाच असेल तर ईएसपी३२-एस३ चिपचा बोर्ड घ्या. त्यात व्हेक्टर इन्स्ट्रक्शन्स (एकाच वेळी अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या सूचना) आहेत.